नवरात्र ते कार्तिक : पाळी जायच्या वयात उपास, जागर आणि काकडा कसा निभवायचा

भाद्रपद संपत आला की आपल्याकडे ठरलेली गडबड सुरू होते, यंदा घट कोणाकडे, उपास किती दिवसांचा, अष्टमीला सवाष्ण कोण, आणि तिथून जे धरलं की तुळशीचं लग्न लागेपर्यंत घरातल्या बाईला टेकायला वेळ नसतो. ह्या सगळ्यात पंचेचाळीस ते पंचावन्नची जी बाई असते ना, जिच्यावर घरातलं सगळं देवाधर्माचं असतं, नेमकी तिचीच पाळी मागेपुढे व्हायला लागलेली असते, रात्री घामाने उशी भिजते, गुडघे दुखतात, झोप तीन वाजता उडते, आणि तरी ती पंचविशीत करायची तसाच नऊ दिवस कडक उपास करते कारण "दरवर्षी करते, यंदाच काय". माझं म्हणणं एवढंच आहे की व्रत सोडायची काही गरज नाहीये, पण व्रताचा प्रकार वयाप्रमाणे बदला, आपल्याच परंपरेत त्याला भरपूर जागा आहे. कुठे काय बदलायचं ते पंचांगाच्या क्रमानेच सांगते.

आधी पाळीचा हिशोब

सलग १२ महिने पाळी आली नाही की मग मेनोपॉज झाला म्हणतात, त्याआधीची जी तीन-चार-पाच वर्षं पाळी कधी वीस दिवसांनी तर कधी तीन महिन्यांनी येते तो सगळा पेरीमेनोपॉज. जगभरात नैसर्गिक मेनोपॉज साधारण ४५ ते ५५ मध्ये येतो, आपल्या भारतीय बायकांत सरासरी थोडी लवकर म्हणजे ४६-४७ च्या आसपास. चाळिशीच्या आतच पाळी थांबली तर "लवकर सुटले बाई" म्हणून आनंद मानू नका, ते डॉक्टरांना दाखवायचंच, कारण हाडं आणि हृदय दोघांचंही संरक्षण लवकर गेलेलं असतं.

ऋषिपंचमीचं व्रत बऱ्याच घरांत पाळी गेल्यावर उद्यापन करून सोडतात, आणि तिथे गंमत अशी होते की सात-आठ महिने पाळी नाही आली की बायका उद्यापन उरकून घेतात आणि पुढच्याच महिन्यात पाळी दारात हजर. म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयवर प्रत्येक पाळीच्या पहिल्या दिवशी एक खूण करायची आणि शेवटच्या खुणेपासून बारा महिने मोजायचे. ही खूण फक्त उद्यापनासाठी नाही, डॉक्टरकडे गेल्यावर पहिला प्रश्न हाच येतो आणि आपण "अं... गणपतीच्या आधी बहुतेक" असं सांगतो, तर कॅलेंडरचा फोटो काढून न्या, त्याने अर्धं काम होतं.

दोन गोष्टी इथेच सांगून टाकते. एक, बारा महिने पूर्ण झाल्यावर जर पुन्हा रक्त दिसलं, अगदी डागाएवढं जरी, तर ती "पाळी परत आली" नसते, त्याची तपासणी लागते, त्याच आठवड्यात जा, दिवाळी झाल्यावर बघू असं नको. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या कॅन्सरचं पहिलं लक्षण हेच असतं आणि लवकर कळला तर तो बरा होतो. दुसरी गोष्ट, पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहायची शक्यता संपली असं नाहीये. पन्नाशीनंतर पाळी थांबली तर पुढे एक वर्ष आणि पन्नाशीच्या आत थांबली तर दोन वर्षं काळजी घ्यायचीच.

घट बसताना पाळी आली तर, आणि ती गोळी

ह्यावर मला जरा जास्त बोलायचंय. नवरात्र जवळ आलं की मेडिकलमध्ये पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची विक्री जोरात असते, आणि बऱ्याच ठिकाणी चिठ्ठी न विचारता हातात देतात. त्यात बहुतेक नॉरएथिस्टेरॉन असतं, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून दिवसातून दोन-तीनदा घ्यायचं असतं. आता बघा, पेरीमेनोपॉजमध्ये मुळात तारीखच माहीत नसते तर तीन दिवस आधी म्हणजे कधी? मग बायका अंदाजाने पंधरा-पंधरा वीस-वीस दिवस घेत राहतात, मध्येच डाग लागतात, डोकं दुखतं, पाय सुजतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ह्या औषधाचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या (इस्ट्रोजेन म्हणजे बाईचं मुख्य हार्मोन, जे पाळी जाताना कमी होतं) हार्मोनमध्ये बदलतो, आणि वय पंचेचाळिशीपुढे, वजन जास्त, बीपी आहे, अर्धशिशीचा त्रास आहे, घरात कोणाला रक्ताची गुठळी झालेली आहे, अशा बाईला त्याने पायात किंवा फुप्फुसात गुठळी होण्याचा धोका वाढतो. वर तुळजापूरला आठ-दहा तास गाडीत बसून जायचं म्हणजे त्यात भरच. आणि ह्या वयात जे रक्त जाण्याचं गणित बिघडलंय त्याचं खरं कारण गोळीमुळे झाकलं जातं ते वेगळंच.

तर डॉक्टरने तुमचं बीपी बघून, हिस्टरी विचारून स्वतः दिली तर ठीक, नाहीतर शेजारणीच्या पानातली गोळी अजिबात घेऊ नका. पाळी आलीच तर घटाला पाणी आणि दिव्याला तेल घरातलं दुसरं कोणीही घालू शकतं, नवरा घालेल, मुलगा घालेल. मी तर म्हणते ज्या देवीला आपण आई म्हणतो तिला लेकीच्या पाळीचं वावडं असेल असं मला वाटत नाही, पण हा ज्याच्या त्याच्या घरचा आणि मनाचा प्रश्न आहे, त्यावर मी भांडणार नाही. गोळीवर मात्र भांडेन.

आणि रक्त खूप जात असेल तर? "जाता-जाता असंच जातं" हे वाक्य आपल्या आयांनी ऐकलं, आपण ऐकतोय, पण तासाला एक पॅड भिजतंय आणि असं दोन-तीन तास चाललंय, रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडतायत, सात दिवसांच्या पुढे चाललंय, तर ते नॉर्मल नाहीये, आणि अशा महिन्यात नऊ दिवसांचा उपास तर नाहीच. आधी हिमोग्लोबिन बघा. १२ च्या खाली असेल तर ॲनिमिया आहे, त्यात जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडतं, चिडचिड होते आणि ते सगळं आपण मेनोपॉजच्या नावावर खपवतो.

उपास कुठला धरायचा

आपल्याकडे उपास म्हणजे एकच प्रकार असं कधीच नव्हतं. सगळ्यात सोपा "उठता-बसता", म्हणजे घट बसतो त्या दिवशी आणि उठतो त्या वेळी, मधले दिवस साधं जेवण. मग एकभुक्त, म्हणजे एक वेळ व्यवस्थित जेवायचं. मग धान्यफराळ, म्हणजे धान्य भाजून घेऊन त्याचं करायचं, ज्वारी भाजून भाकरी, मूगडाळ भाजून खिचडी. धान्यफराळ हा ह्या वयासाठी मला सगळ्यात चांगला वाटतो कारण नेम पण राहतो आणि डाळ-भाकरी पोटात जाते, आणि सासूबाईंना पण काही बोलायला जागा नसते कारण त्यांच्या सासूबाई हेच करायच्या. निर्जळी मात्र ह्या वयात नको. हॉट फ्लॅशने, म्हणजे अंगातून अचानक गरम वाफ चढते ना, त्याने आधीच घाम जातो, पाणी कमी पडलं की चक्कर येते, लघवीला जळजळ सुरू होते, आणि इस्ट्रोजेन कमी झालं की लघवीच्या जागेची त्वचा नाजूक झालेली असते त्यामुळे इन्फेक्शन पटकन धरतं.

नऊही दिवस उपासाचंच खायचं असेल तर ताटात काय आहे ते बघा. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस आणि वेफर्स, संध्याकाळी पुन्हा साबुदाणावडा, रात्री रताळ्याचा गोड पदार्थ, आणि दिवसभर पाच-सहा कप चहा. साबुदाण्यात जवळजवळ फक्त स्टार्च आहे, शंभर ग्रॅममध्ये प्रोटीन अर्धा ग्रॅम सुद्धा नाही. म्हणजे नऊ दिवस पोट भरलं पण स्नायूंना आणि हाडांना काहीच मिळालं नाही, आणि ज्या वयात स्नायू आपोआप कमी होत असतात त्या वयात हे. दिवसाला प्रोटीन किती हवं तर वजनाच्या प्रत्येक किलोला ०.८ ग्रॅमच्या थोडं वर, म्हणजे साठ किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम.

ते उपासात पण जमतं, फक्त मुद्दाम जमवावं लागतं. साबुदाणा एक दिवसाआड ठेवा आणि त्याच्या जागी राजगिरा आणा, राजगिऱ्यात शंभर ग्रॅमला चौदा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि वर चांगलं कॅल्शियम. राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी थापताना तुटते म्हणून बायका कंटाळतात, तर त्यात उकडलेलं रताळं किंवा बटाटा कुस्करून घाला, कोमट पाण्याने मळा आणि प्लास्टिकच्या कागदावर थापून तव्यावर उलटा, तुटत नाही. सोबत दाण्याची आमटी, दाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅम प्रोटीन आहे, मूठभर दाणे म्हणजे सात ग्रॅम झालेच. जेवताना एक वाटी दही, दुपारी पनीर थोड्या तुपावर परतून जिरं-मिरची घालून, रात्री एक कप दूध. भगर आणि दाण्याची आमटी हे तर आपलं जुनं आणि शहाणं जेवण आहे. फक्त भगर पाकीटबंद घ्या, तारीख बघून, निवडून धुऊन, आणि भगरीचं सुटं पीठ बाजारातून आणू नका, हवं तेवढंच घरी दळा. आपल्याकडे जवळजवळ दर नवरात्रात भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात आणि एफडीए (अन्न व औषध प्रशासन) पण दरवर्षी सांगतं, दमट हवेत भगरीवर बुरशी धरते म्हणून.

सैंधवाबद्दल एक. उपासाचं मीठ म्हणून ते बीपीला चालतं असा समज आहे, ते चूक आहे, सोडियम त्यात साध्या मिठाएवढंच असतं, फक्त आयोडीन घातलेलं नसतं. बीपी असेल तर हात तितकाच आखडता ठेवा.

औषधं

उपास म्हणून गोळ्या बंद करू नका, हे मी कितीही वेळा लिहायला तयार आहे. थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर, मग अर्धा-पाऊण तासाने चहा, आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब. बीपीची रोजच्यासारखी. डायबेटिसवाल्यांनी मात्र घट बसायच्या आठ-दहा दिवस आधीच डॉक्टरांना विचारा, कारण ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन नेहमीच्याच डोसला घेऊन खाणं कमी केलं तर शुगर धाडकन खाली येते. नाव वाचता येत नसेल तर गोळ्यांचं पाकीटच घेऊन जा.

आमच्याकडे अष्टमीच्या रात्री होमाला बसल्यावर जाऊबाईंना घाम फुटला, कपाळ, मान, पाठ सगळं ओलं, छातीत धडधड, हात थरथर. सगळ्या बायका पदराने वारा घालत म्हणाल्या, अहो त्यांना होतं असं, वयच आहे ते, सरबत नको उपास आहे. त्यांच्या लेकीने ग्लुकोमीटर आणून बोट टोचलं तर शुगर ५८. त्यांना डायबेटिस आहे आणि दिवसभरात दोन कप चहा आणि एक केळं एवढंच पोटात होतं. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच दिली, पंधरा मिनिटांनी परत मोजली, मग वर आल्यावर दूध-राजगिरा लाडू दिला.

हे इतकं सविस्तर लिहिलं कारण हॉट फ्लॅश आणि शुगर उतरणं दोन्ही बाहेरून सेम दिसतं. फरक असा की हॉट फ्लॅशमध्ये आधी छातीपासून वर गरम वाफ चढते, चेहरा लाल होतो, दोन-चार मिनिटांत उतरतं आणि मग थंडी वाजते. शुगर उतरल्यावर भूक लागते, हात थरथरतात, गोंधळल्यासारखं होतं, माणूस उत्तरं नीट देत नाही, अंग गार आणि चिकट लागतं, आणि ते आपोआप जात नाही. डायबेटिस असेल तर अंदाज बांधत बसू नका, मोजा. मोजायला मशीन नसेल तर आधी साखर द्या, देवी रागवत नाही. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ १०८ ला फोन.

आणखी एक, धडधडीबरोबर छातीत दाब, जबडा किंवा डावा हात दुखणं, दम लागणं असेल तर ते हॉट फ्लॅश नाही, थेट हॉस्पिटल. मेनोपॉजनंतर बायकांचं कोलेस्टेरॉल वाढतं आणि हृदयविकाराचा धोका पुरुषांच्या जवळ जायला लागतो, पण घरच्यांना ते पटत नाही आणि बायका स्वतःच ॲसिडिटीची गोळी घेऊन झोपतात.

ऑक्टोबर हीट आणि रात्रीचा घाम

पाऊस गेला, ऊन तापलं, हवा दमट, आणि वर बाईच्या आतली भट्टी. इस्ट्रोजेन कमी-जास्त झालं की मेंदूतलं शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र फार हळवं होतं, जराशा उष्णतेला सुद्धा "तापलो, घाम काढा" असा हुकूम सोडतं, म्हणून एवढासा गरम चहा सुद्धा पुरतो. हा त्रास सरासरी सात वर्षांच्या आसपास चालतो, म्हणजे एक-दोन नवरात्रं नुसती ढकलून भागणार नाही, व्यवस्था करावी लागते.

नऊ दिवस नऊ रंगांच्या साड्या नेसायच्या आहेत तर नेसा, पण सिंथेटिक आणि अस्तराचं जाड ब्लाउज नको, सुती किंवा मऊ वॉश झालेली. आरतीला गर्दीच्या खोलीत दाराजवळ उभ्या राहा. चहा दोनवर आणा, उपासात चहा वाढतो आणि त्यानेच वाफा वाढतात, शिवाय जेवणाबरोबर घेतला की लोह पण शोषलं जात नाही. रात्री उशाशी गार पाण्याची बाटली, एक कोरडा सुती गाऊन हाताशी, म्हणजे भिजल्यावर दिवा लावून कपाट उघडायला नको, झोप पूर्ण मोडते. अखंड दिव्याला रात्री तेल घालायचं काम घरात वाटून घ्या, एक दिवस तुम्ही एक दिवस दुसरं कोणी, नाहीतर मोठी समई लावा जी सकाळपर्यंत पुरेल. नऊ रात्री सलग मोडलेली झोप ह्या वयात दहाव्या दिवशी भरून निघत नाही.

इतकं करूनही दिवसातून दहा-बारा वेळा वाफा येतायत, कामावर लक्ष लागत नाहीये, तर सहन करत बसायचं काही कारण नाही, औषधं आहेत. हार्मोनची ट्रीटमेंट साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील तर बऱ्याच बायकांना फायद्याची पडते, ब्रेस्ट कॅन्सर झालेला असेल, गुठळीचा इतिहास असेल, लिव्हरचा मोठा आजार असेल किंवा कारण न कळलेलं रक्त जात असेल तर ती देत नाहीत, अशांसाठी बिनहार्मोनची औषधं पण आहेत. खालच्या जागी कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं ह्याला लावायचं क्रीम असतं. हे सांगायला आपल्याला लाज वाटते म्हणून चिठ्ठीवर लिहून न्या आणि चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात द्या.

दर्शन, अनवाणी, गरबा

तुळजापूर, कोल्हापूर, माहूर, वणी, कुठेही जा, रांग लांब असते आणि बाथरूमची सोय कशी असेल सांगता येत नाही म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हे बंद करा. थोडं-थोडं पाणी प्या, आणि दर दोन-तीन तासांनी जाऊन या, लाज वाटू देऊ नका. सप्तशृंगीला पायऱ्या झेपत नसतील तर रोपवे घ्या, पुण्य कमी होत नाही. नऊ दिवस अनवाणी राहायचा नेम असेल आणि डायबेटिस किंवा टाचदुखी असेल तर नेम बदलाच, पायाला मुंग्या येत असतील तर काच घुसलेली सुद्धा कळत नाही. त्याऐवजी गोड सोडा, मोबाईल सोडा, नेम तो नेमच.

आणि नाचा! भोंडला, गरबा, फुगड्या जे जमेल ते. स्वतःचं वजन पायावर घेऊन केलेल्या हालचालीने हाडांना जोर मिळतो. फक्त गुडघे दुखत असतील तर फुगडी आणि उड्या नको, पायात चांगले बूट, आणि नऊ दिवसांनंतर बंद न करता रोजचं अर्धा तास चालणं आणि आठवड्यातून दोनदा थोडं वजन उचलण्याचा व्यायाम चालू ठेवा.

कोजागरीचं दूध

आटीव दुधाचा पेला हातात आला की मला दरवेळी वाटतं, वर्षातून एक दिवस जो मान दुधाला आपण देतो तो ह्या वयातल्या बाईने रोज द्यायला हवा. पाळी गेल्यावर पहिल्या पाच-सात वर्षांत हाडं सगळ्यात वेगाने झिजतात, वीस टक्क्यांपर्यंत सुद्धा. आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशोबाने मेनोपॉजनंतर रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, आणि २०० मिली दुधात मिळतं साधारण २४० मिलिग्रॅम. म्हणजे दोन पेले दूध, एक वाटी दही, एखादी नाचणीची भाकरी आणि दोन चमचे तीळ असं दिवसभरात पसरवलं तर गोळीशिवाय बरंच भागतं. उरलेलं डॉक्टर ठरवतील, स्वतःच्या मनाने जास्तीच्या गोळ्या नको, मूतखडा होऊ शकतो. डी व्हिटॅमिन तपासून घ्या, ऊन एवढं असून आपल्याकडे कमतरता घरोघर आहे.

मसाला दुधात साखर निम्मी घाला, वेलची-जायफळाने गोडी आपोआप वाढते. जागर बारापर्यंत, "को जागर्ति" विचारून झालं की झोपा.

मधल्या तारखा

इंग्रजी कॅलेंडरवर पण ह्याच दिवसांत आपल्या कामाचं बरंच काही येतं. पूर्ण ऑक्टोबर स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीचा, १८ ऑक्टोबर जागतिक मेनोपॉज दिन, २० ऑक्टोबर ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं) दिन. ह्या सुमारास बऱ्याच हॉस्पिटलांत तपासणी शिबिरं आणि सवलती असतात, तर दसरा झाल्यावर दिवाळीच्या आत एक दिवस स्वतःसाठी काढा, बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, कोलेस्टेरॉल, गर्भाशयमुखाची तपासणी आणि स्तनांची तपासणी. मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) कधीपासून आणि किती वर्षांनी ते डॉक्टर सांगतील, घरात आई-बहिणीला स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर तसं मुद्दाम सांगा. सरकारी आरोग्यवर्धिनी केंद्रात (आता त्याचं नाव आयुष्मान आरोग्य मंदिर) तिशीपुढच्या बायकांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी असते, खर्च हे कारण सांगू नका. एकटीने जायचा कंटाळा येतो म्हणून भिशीच्या ग्रुपने मिळून जा, आणि एकमेकींचे रिपोर्ट आणायची जबाबदारी पण वाटून घ्या, कारण तपासणी करून रिपोर्टच न आणणाऱ्या बायका मी खूप बघितल्यात.

दिवाळी

स्टुलावर चढून पंखा पुसू नका. पाळी गेल्यानंतरच्या वर्षांत पडल्यावर पहिलं मनगट मोडतं, आणि ते नेमकं साफसफाईत होतं. वरचं सगळं मुलांकडे द्या. चकल्या-कडबोळी तळायचं काम सकाळी सातच्या आत, खिडकी उघडून, एका दिवशी एकच पदार्थ. बेसनाचे लाडू भाजायला बसून घ्या. अभ्यंगस्नानाचं तेल मात्र ह्या वयात खरंच सुख आहे, त्वचा कोरडी पडलेली असते, खाज येते, तर चार दिवसांऐवजी थंडीभर लावा, पण बाथरूममध्ये पायाखाली रबरी मॅट टाकून, तेलाच्या पायांनी घसरायला होतं. भाऊबीजेला भावाने विचारलं "ताई काय हवं" तर साडी कपाटात दहा असतात, बोन डेन्सिटीच्या (हाडं किती भक्कम आहेत ते बघायच्या) टेस्टचे पैसे मागा. मागितले तर तो आनंदाने देईल, फक्त मागावं लागतं.

कार्तिकाचा काकडा

कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकड आरती असते आणि मेनोपॉजमधल्या बऱ्याच बायका तशाही चार वाजता टक्क जाग्या असतात. पडून छताकडे बघत मुलांची, नवऱ्याची, सासरच्यांची काळजी करत राहण्यापेक्षा उठून देवळात जाणं कितीतरी चांगलं, चार ओळखीचे चेहरे दिसतात, गळा मोकळा होतो, चालणं होतं, परत येताना कोवळं ऊन मिळतं. अट एकच, रात्री नऊ-साडेनऊला अंथरुणात. सिरीयल बघून साडेअकराला झोपायचं आणि साडेतीनला उठायचं असं महिनाभर केलं तर वाफा, चिडचिड आणि बीपी तिन्ही वाढतात. कार्तिकस्नान थंड पाण्याने करायचा नेम असेल आणि बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर कोमट पाणी घ्या. जाताना बॅटरी हातात, पायात घट्ट बसणाऱ्या चपला, कारण पहाटे पायऱ्यांवर दव असतं.

आणि काकड्याला जाऊनही मन लागत नसेल, रडू येतंय, कशातच रस नाही, जगून काय करायचं असे विचार येतायत आणि असं दोन आठवड्यांच्या वर चाललंय, तर ह्या वयात हार्मोनच्या उलथापालथीत डिप्रेशन येऊ शकतं आणि ते औषधाने आणि बोलण्याने बरं होतं. घरात सांगायला जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.